पडलेले धुरांडे आणि वाईची भेग

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

तुझी पत्रे येऊन पडली आहेत आणि मी एकाचेही उत्तर दिलेले नाही. याबद्दल रागावला असशील तर तो राग सांभाळून ठेव, पुढचा मजकूर वाचताना तो तुला लागणार आहे. प्रकृती ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, साखर आटोक्यात आहे, आणि जावईबापू मला वेळेवर चालायला बाहेर काढतात. आरोग्यवार्ता समाप्त.

लिहायला बसलो त्याचे कारण तात्यांच्या धाकट्याने पाठवलेले कागद. माझ्या हिश्शाचे कुलमुखत्यारपत्र ओसाकातल्या आपल्या वकिलातीत साक्षांकित करून पाठवावे, असे त्याचे म्हणणे आहे. वाईचा आपला वाडा उतरवायचा, त्या जागी चार मजली इमारत उभी करायची, खाली दुकाने काढायची, आणि 'वारसा जपावा' म्हणून ओसरीचे सागवानी खांब नव्या इमारतीच्या प्रवेशदालनात शोभेला उभे करायचे. सोबत रंगीत चित्रही आहे. त्यात खांबांच्या मधोमध कारंजे उडते आहे. अक्का असती तर तिने त्या कारंज्यावर धुणे वाळत घातले असते.

हे कागद टेबलावर ठेवून मी कोबेला गेलो, कारण कन्येने एका पायी फेरीत माझे नाव आधीच घातले होते. जुनी परदेशी वसाहत पाहायची आणि तिथून डोंगराच्या पायथ्याच्या कितानो भागात चढायचे, असा बेत होता. मी निघालो तो दोन-चार सुंदर घरे पाहून मन रमवावे म्हणून. पण ती घरे एकामागून एक वाड्यावरून मेणवलीच्या घाटावर झालेल्या आपल्या भांडणातच तोंड घालू लागली, आणि हे तुझ्याखेरीज कोणाला सांगावे ते मला सुचेना.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, म्हणजे तू मधेच नकाशा काढून बसणार नाहीस. १ जानेवारी १८६८ रोजी कोबेचे बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले. किनाऱ्यालगतच्या सपाटीवर हार्ट नावाच्या इंग्रज अभियंत्याने रस्ते आखून १२६ भूखंड पाडले. १८९९ मध्ये ही वसाहत जपानच्या ताब्यात परत आली, तरी भूखंडांचे जुने आकडे इमारतींच्या नावांत अजून टिकून आहेत. जागा पुरेना तेव्हा व्यापारी वरच्या उतारावर घरे बांधू लागले, तेच कितानो. आपल्याकडचा कापूस इथे येत असे, हे तुला ठाऊक असेल. पण १८९३ मध्ये जमशेटजी टाटांनी निप्पॉन यूसेन या जपानी जहाज कंपनीशी हातमिळवणी करून मुंबई-कोबे अशी जहाजांची फेरी सुरू करवली, आणि भाड्याच्या बाबतीत पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या नाकी नऊ आणले, हे मला इथे आल्यावर नीट कळले. त्या फेरीचे पहिले जहाज याच बंदरातून निघाले.

आता मुद्द्याचे. त्या सपाटीवर 'पंधरा क्रमांक' नावाची एक दुमजली इमारत आहे. १८८० च्या सुमारास ती बांधली गेली आणि काही काळ तिथे अमेरिकेची वकिलात होती. वसाहतीच्या काळातली तेवढी एकच इमारत आज उरली आहे. बाहेरून ती दगडी वाटते, पण आत लाकडाचा सांगाडा आहे आणि त्या सांगाड्यात विटा भरलेल्या आहेत. बापू, हे ऐकून मी जागच्या जागी थांबलो. खांब, तुळया आणि मधल्या गाळ्यांत वीट, म्हणजे वाईच्या वाड्याच्या वरच्या मजल्याची रीत! १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला आणि ही इमारत पूर्णपणे कोसळली. ती देशाची महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून नोंदलेली होती, पण भूकंपाने नोंदवही पाहिली नाही. त्यानंतर या लोकांनी ढिगाऱ्यातले लाकूड निवडले, जे वापरण्याजोगे होते ते पुन्हा जागेवर बसवले, जमीन आणि इमारत यांच्यामध्ये हादरा शोषून घेणारी यंत्रणा घातली, आणि १९९८ मध्ये तीच इमारत त्याच भूखंडावर उभी केली.

आता तू मला सांग, ती इमारत जुनी की नवी?

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. मेणवलीच्या घाटावर तू भर उन्हात हात नाचवत म्हणाला होतास की वाडा एक तर असतो किंवा नसतो. खांब उचलून दुसरीकडे उभे करणे म्हणजे मेलेल्या वाघात भुसा भरणे. मी म्हणालो होतो की वाघ गेलाच आहे तर निदान कातडे तरी वाचू दे. त्यावर तू माझ्या वाट्याची शेंगदाण्याची पुडी रागाने नदीत टाकलीस. ती अजून वसूल व्हायची आहे. पण पंधरा क्रमांकासमोर उभा राहिलो तेव्हा तुझा नियमही तिथे चालेना आणि माझाही. तिथे वाघ मेला होता, आणि त्याच हाडांवर तो पुन्हा उभा केला होता.

त्यानंतर आम्ही चढ चढू लागलो. गुडघ्याने निषेध नोंदवला. वाटेत एक पांढरे-हिरवे लाकडी घर लागले. १९०७ चे हे घर भूकंपात मोडकळीला आले आणि पाडले जाणार होते, पण मालकांनी ते शहराला देऊन टाकले, आणि २००१ मध्ये त्याचे भाग सोडवून ते या उतारावर आणून जोडले. आज तिथे कॉफी मिळते. मी आत बसून कॉफी प्यायलो. तुला राग येईल, पण जिन्याचा कठडा उत्तम आहे.

अशी स्थलांतरित घरे आणखी आहेत. हस्साम नावाच्या भारतीय वंशाच्या ब्रिटिश व्यापाऱ्याने १९०२ मध्ये कितानोत घर बांधले. ते १९६० च्या दशकात उचलून खालच्या सोराकुएन बागेत नेले. भूकंपात त्याचे धुरांडे तुटून छप्पर फोडत आत पडले. ते धुरांडे आता घरापुढे बागेत ठेवले आहे.

हाच प्रकार 'मोएगी' नावाच्या फिकट हिरव्या घरात मी पाहिला. हे १९०३ चे, अमेरिकेच्या कॉन्सुल जनरलचे घर. मधल्या काळात ते पांढरे रंगवलेले होते; १९८७ च्या दुरुस्तीत खालचा मूळ हिरवा रंग सापडला तेव्हा तो परत दिला गेला. आत उंची फरशा आणि शेकोट्या आहेत, वरच्या मजल्यावरच्या काचबंद सज्जातून शहर दिसते, आणि हे सारे छायाचित्रांत तू पाहशीलच. मी मात्र अंगणात खिळून राहिलो. १९९५ मध्ये छपरावरून खाली आलेला विटांच्या धुरांड्याचा भला मोठा तुकडा तिथे ठेवलेला आहे. छपरावर नवे धुरांडे बसवले आहे आणि जुने खाली आहे. घर दुरुस्त झाले आहे, आणि ते एकदा मोडले होते हेही ते लपवत नाही.

मला काय आठवले ते तुला सांगायला नको. ११ डिसेंबर १९६७. तू आमच्याकडे झोपायला होतास, कारण तुझ्या आईला आत्याकडे जायचे होते आणि तू रात्री एकटा राहायला घाबरत होतास, जे तू पुढे कधीच कबूल केले नाहीस. पहाटे कोयनेचा हादरा बसला, फडताळातली भांडी खाली आली, आजोबांनी आपल्या दोघांना बखोटीला धरून चौकात आणले, आणि सकाळी माजघराच्या पश्चिम भिंतीवर ती भेग दिसली. गवंड्याने दोनदा लिंपायला घेतली आणि आजोबांनी दोनदा त्याला परत पाठवले. ती बुजवली तर वाढते आहे की नाही ते मला कसे कळणार, असे त्यांचे म्हणणे होते. मग तू तिच्यावर कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवून वर तारीख घालू लागलास. पट्टी फाटली तर भिंत हलली, हा तुझा आयुष्यातला पहिला अभियांत्रिकी अहवाल. तात्यांच्या धाकट्याच्या चित्रात ती भेग अर्थातच नाही. खांब आहेत, पॉलिश केलेले.

मला त्या खांबांचे काय खटकते ते मोएगीच्या अंगणात कळले. ते प्रवेशदालनात उभे राहतील आणि त्यांच्यावर कसलाही भार नसेल. वर छप्पर नाही, मागे माजघर नाही, शेजारी भेग नाही. पंधरा क्रमांकाचे लाकूड आजही मजला तोलते आहे. कॉफीचे घर हलवले, पण घर म्हणून हलवले. म्हणजे हलवण्याला माझी हरकत नाही आणि नव्याने बांधण्यालाही नाही. हरकत आहे ती कारंज्याला.

इथपर्यंत लिहून मी समाधानाने सहीचे कागद बाजूला सारले असते. पण त्याच भूकंपाची दुसरी बाजू मनातून जात नाही, आणि खरी काळजी तीच आहे. १९९५ मध्ये इथे ६,४०० हून अधिक माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक जुन्या लाकडी घरांखाली, अंथरुणात, पहिल्या काही मिनिटांत गेली. वर जड कौलारू छप्पर आणि खाली अशक्त भिंती. वाड्यात आज काकू एकट्या झोपतात, त्याच माजघरात, त्याच कडीपाटाखाली, आणि कडीपाटावर किती मातीचा थर आहे हे तू जाणतोस. तात्यांचा धाकटा मला फोनवर म्हणाला, "दादा, तुम्हाला वाडा आठवतो, मला त्यात आई दिसते." त्याला उत्तर देणे मला जमले नाही. कारंज्यावर मी कितीही हसलो तरी त्याच्या या वाक्यावर हसता येत नाही, आणि चिडताही येत नाही.

फेरी पुढे चालू होती म्हणून मीही चालत राहिलो. पवनकुक्कुटाचे, म्हणजे छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा असलेले घर पाहिले. थॉमस नावाच्या जर्मन व्यापाऱ्याने १९०९ मध्ये ते बांधले, आणि बाहेरून लाल विटांचे असे कितानोत तेवढेच आहे. त्याच्या शेजारच्या उभ्या पायऱ्या चढून गेले की कितानो तेनमान देवस्थान लागते. ११८० मध्ये कियोमोरी नावाच्या बलाढ्य सरदाराने राजधानी या बाजूला आणली तेव्हा क्योतोच्या कितानो देवस्थानावरून हे स्थापन झाल्याचे सांगतात, आणि भागाचे नावही त्यावरूनच पडले. देव विद्येचा आहे, त्यामुळे परीक्षार्थींच्या लाकडी पाट्या लटकत होत्या. तुझ्या गणिताच्या निकालाआधी हे स्थान ठाऊक असते तर बरे झाले असते.

उतरताना १९३५ ची मशीद पाहिली. ती जपानमधली पहिली, आणि तिच्या उभारणीत भारतीय व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. १९४५ च्या बॉम्बवर्षावात आसपासचे सारे जळाले आणि ती उभी राहिली. १९९५ मध्येही उभी राहिली. थोड्या अंतरावर संगमरवरी जैन मंदिर आहे, मोत्यांच्या धंद्यातल्या गुजराती कुटुंबांचे. तिथे एक आजी मला हिंदीत म्हणाल्या की भूकंपानंतर कोण कुठल्या देवाचा हे कोणी विचारले नाही, जेवण कुठे आहे एवढेच विचारले. त्या तेव्हा मुलांना घेऊन शाळेच्या पटांगणात राहिल्या होत्या. त्यांना मी जुन्या घरांविषयी विचारले. त्या म्हणाल्या, पाहायला छान, पण मी झोपते ती नव्या इमारतीत.

एक गोष्ट मात्र फेरीच्या वाटाड्याने सांगितली ती तुझ्या कामाची आहे. ही घरे काही आपोआप वाचलेली नाहीत. १९६० आणि ७० च्या दशकांत ती धडाधड पाडून तिथे सदनिका उठत होत्या. १९७७ मध्ये दूरचित्रवाणीवर सकाळची एक मालिका आली, कितानोतल्या घराभोवती फिरणारी, आणि लोकांची झुंबड उडाली. शहराला जाग आली, आणि १९८० मध्ये हा भाग संरक्षित म्हणून जाहीर झाला. वाईच्या वाड्यात चित्रपटवाले कितीदा आले आणि गेले! त्यांनी भिंतीला रंग दिला, चौकात तोतया तुळशीवृंदावन उभे केले, आणि जाताना दिंडीची कडी नेली.

तर बापू, मी सहीसाठी दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतली आहे, आणि त्या आत तू वाईला जाऊन ये. पश्चिमेची भेग आता किती रुंद आहे, शेवटच्या पट्टीचे काय झाले, तुळयांची भिंतीतली टोके वाळवीने पोखरली आहेत का, आणि पुढचा चौक व ओसरी सुट्या करून, लाकडांना आकडे घालून, मागच्या नव्या बांधकामाला धरून पुन्हा उभ्या करता येतील का, एवढे पाहा. भार घेणाऱ्या ओसरीला माझी सही आहे. काकूंची खोली नव्या, पक्क्या भागात असेल तर आनंदाने आहे. खर्च परवडण्याजोगा नसेल तर तसे स्पष्ट सांग, आणि माझ्या भावनांची भीड धरू नकोस, तशी ती तू कधी धरलेली नाहीस. तात्यांच्या धाकट्याशी भांडू नकोस. तो आईसाठी बोलतो आहे.

वहिनींच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले का? चिरंजीवांची बदली कुठे झाली? सोसायटीच्या निवडणुकीत हरलास असे कळले, मतदारांचे अभिनंदन.

जाताना मीटरची टेप आणि चांगली विजेरी ने, माजघरातला दिवा गेलेला आहे. काकू पुरणपोळी करतील, तेव्हा मोजमापे जेवणाआधी घे.

तुझा,
दादा

ता. क. शेंगदाण्याच्या पुडीचे पैसे अहवालाच्या मानधनातून वळते करून घेईन.