नाना, गज बसले!

नाना, सप्रेम नमस्कार.

पीजेचा, म्हणजे पाचोरा-जामनेरच्या छोट्या गाडीचा, मॉडेल डबा पूर्ण झाला. खिडक्यांचे गज बसले, एकही वाकला नाही. तुम्हाला मोबाइलचा कंटाळा, पण पोरगा वाचून दाखवेल, म्हणून जाहीरच लिहितो.

ती खरी गाडी आता धावत नाही. तिच्या दोन रुळांमधलं 762 मिमी अंतर 1:87 मापात, म्हणजे खऱ्याच्या सत्याऐंशीव्या भागात, पावणेनऊ मिलिमीटर भरतं. मग खिडकीचा गज केवढा? ओढूनताणून 0.2 मिमी. तो 0.15 मिमीच्या पितळी पत्र्यातून फेरिक क्लोराइडने, म्हणजे पितळ खाणाऱ्या रसायनाने, कोरायचा होता. त्याआधी पत्र्यावरच्या रेझिस्टवर, म्हणजे रसायन अडवणाऱ्या थरावर, निगेटिव्हमधून उजेड पाडून चित्र उमटवायचं. लेझर प्रिंटरवर निगेटिव्ह काढून मी तीनदा पत्रा वाया घालवला. 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपक्यांना, गजाच्या वाट्याला जेमतेम पाच ठिपके येतात, आणि काळा भाग उजेडाला धरला की नुसती चाळणी. दोन प्रती एकावर एक ठेवल्या, तर प्रिंटरच्या उष्णतेने दोन्ही वेगवेगळ्या आखडलेल्या.

सगळे छापखाने सीटीपीवर, म्हणजे फिल्मशिवाय थेट प्लेट काढण्यावर, गेले, तरी तुम्ही फिल्मचं मशीन झाकून का होईना, चालू ठेवलंत. माझी फाइल बघून पहिलंच वाक्य, "हा काळा नाही, करडा आहे." खरंच, रंग 90 टक्के काळा होता. स्क्रीनवर कुणाला कळतंय? पण मशीनने त्याची ठिपक्यांची जाळी पाडली असती आणि गजाच्या कडा करवतीसारख्या निघाल्या असत्या. तुम्ही तो 100 टक्के केलात आणि 2400 डीपीआयला फिल्म काढलीत. त्याच गजाला आता एकोणीस ठिपके!

मी लगेच निघालो होतो. "कसाले घाई करस भो?" म्हणत तुम्ही कोपरा ब्लेडने खरवडून फिल्मची इमल्शनची, म्हणजे काळ्या थराची, बाजू दाखवलीत. ती पत्र्यावरच्या रेझिस्टला चिकटून हवी. उलटी ठेवली तर फिल्मच्या जाडीतून उजेड आत सरकतो आणि रेघ फुगते. त्यासाठी चित्र आरशातल्यासारखं उलटं काढायचं, हे मला कोण सांगणार होतं? मी तर इतके दिवस प्रिंटरलाच शिव्या देत होतो.

पैसे घेतलेत फक्त फिल्मचे. तासभर भिंग लावून बसलात, त्याचा हिशेब नाहीच.

शनिवारी डबा घेऊन येतो. तिसऱ्या खिडकीचा एक गज जरा बारीक दिसेल. पत्रा फेरिकमध्ये जास्त वेळ राहिला; फिल्मचा दोष नाही.

तुमचा,
भुसावळचा डबेवाला