बाबा, मोठा ड्रोन आत्ता नको

प्रिय आई-बाबा,

सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला बसलं की बाबा एक सांगतात, आई मधूनच दुसरं विचारते आणि माझं सांगायचं तसंच राहून जातं. म्हणून हे पत्र. ड्रोन घ्यायचा हे नक्की झालंय. कुठला, यावर अडलंय.

बाबा, तुमचं म्हणणं मला पाठ आहे. एकदाच घ्यायचं तर मोठं आणि चांगलं घ्यावं. जमीनमोजणीची सगळी उपकरणं तुम्ही तशीच घेतलीत आणि ती निवृत्तीपर्यंत पुरली. पण थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) तिपाईवर उभा असतो. ड्रोन हवेत असतो, आणि सुरुवातीला तरी शिकाऊ हातात. पहिला ड्रोन कधीतरी कुठेतरी आपटणार हे धरूनच तो निवडावा, असं माझं पक्कं मत झालंय. फुटला तर दुरुस्त करून पुन्हा उडवता यावा आणि बाहेर काढताना हात कचरू नये. महागाचा ड्रोन पेटीत राहतो, आणि पेटीतल्या ड्रोननं कुणी शिकत नाही.

माझी गरज दुहेरी आहे. ऑफिसच्या कामाला बांधकाम चालू असलेल्या इमारतींचे दर महिन्याला त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून फोटो हवेत, शिवाय शिडी लावणं धोक्याचं असतं अशा छपरांची पाहणी. हौस म्हणजे सुटीच्या दिवशी पाठीवरच्या पिशवीत टाकून डोंगरावर न्यायचा. कामाला नेमकेपणा हवा, हौसेला हलकेपणा. दुकानदार मात्र दोन्हीसाठी एकच उत्तर देतात: जो सगळ्यांत महाग तो.

मी सुरुवात वजनापासून केली. २०१५ च्या अखेरीस अमेरिकेत ड्रोनची नोंदणी सक्तीची झाली तेव्हा त्यातून सूट मिळण्याची रेषा २५० ग्रॅमवर आखली गेली, आणि पुढे इतर अनेक देशांच्या नियमांतही हा आकडा आला. २०१९ मध्ये डीजेआय या ड्रोन कंपनीनं मॅविक मिनी काढला तो बरोबर २४९ ग्रॅमचा! त्या एका ग्रॅमवर अख्खी बाजारपेठ उभी राहिली. तेव्हा या वजनात कॅमेरा जेमतेम असायचा. आता त्याच वजनात ४के चित्रीकरण, तीन अक्षांचा गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी चौकट) आणि चारही बाजूंचे अडथळे ओळखणारे कॅमेरे मिळतात. २०२३ चा मिनी ४ प्रो तसा आहे, आणि माझा कल त्याच्याकडे आहे.

मात्र ‘हलका आहे म्हणजे नियम लागू नाहीत’ असं जे सर्रास सांगितलं जातं त्यावर विसंबू नका. अमेरिकेत नोंदणीची ही सूट फक्त हौशी उडवणाऱ्याला आहे. कामासाठी उडवायचा तर दोनशे ग्रॅमच्या ड्रोनचीही नोंदणी लागते आणि उडवणाऱ्याला परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. युरोपात हौस की धंदा हे विचारतच नाहीत. ड्रोनला कॅमेरा असेल तर वजन कितीही कमी असो, खेळण्यात मोडत नसेल तर चालवणाऱ्यानं नाव नोंदवायचं. मला दोन्ही करायचंय, म्हणून मी कामाचे नियम धरून चालणार आहे. परीक्षा द्यावी लागली तर देईन. विमानतळापासून किती अंतर, किती उंची, कुठे मनाई, हे ज्या गावात उडवायचं तिथलं आधी बघून घेईन. उंचीची मर्यादा बऱ्याच ठिकाणी १२० मीटर आहे आणि इमारतींच्या फोटोंना त्याच्या निम्मीही लागत नाही. आणखी एक बारीक गोष्ट. या मिनीला जास्त वेळ उडणारी मोठी बॅटरी लावली की वजन २५० च्या वर जातं. पात्यांभोवतीचं संरक्षक कडं लावलं तरी तेच. म्हणजे ज्या सवलतीसाठी हलका घेतला तीच जाते. ती मोठी बॅटरी मी घेणार नाही.

आता कॅमेरा. बाबा, तुम्ही मेगापिक्सेल विचारलेत. त्यांच्याकडे बघू नका, सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पट्टीच्या, आकाराकडे बघा. जुन्या लहान ड्रोनमध्ये १/२.३ इंची सेन्सर असायचा. ज्याला एक इंची म्हणतात त्याचं क्षेत्रफळ त्याच्या चौपट भरतं. मोठा सेन्सर जास्त उजेड गोळा करतो, म्हणून संध्याकाळी सावलीतल्या भागात रवाळपणा कमी येतो. मिनी ४ प्रोचा सेन्सर १/१.३ इंची, म्हणजे या दोघांच्या मधला. डीजेआयच्याच मोठ्या मॅविक ३ चा ४/३, या सगळ्यांहून मोठा. फरक खरा आहे, मी नाकारत नाही. पण माझे फोटो सकाळच्या उन्हात काढलेले असतील, अहवालाच्या पानावर अर्ध्या पानात छापले जातील किंवा समोरचा माणूस ते फोनवर बघेल. तिथे हा फरक दाखवून द्यावा लागेल. लग्नाच्या संध्याकाळी किंवा दिवेलागणीच्या शहराचे फोटो काढायचे असते तर मी तुमच्या बाजूनं बोलले असते.

ज्यावर तडजोड नाही ती गोष्ट गिंबल. कॅमेरा तीन अक्षांवर तोलून धरणारी छोटी, मोटरवर चालणारी चौकट म्हणजे गिंबल. ड्रोन वाऱ्यात डुलला तरी चित्र हलत नाही. स्वस्त ड्रोनच्या खोक्यावर ‘४के’ मोठ्या अक्षरात असतं आणि आत गिंबलच नसतो. त्याचं चित्र सतत थरथरतं, आणि ते नंतर संगणकावर पूर्ण सावरता येत नाही. त्यापेक्षा गिंबलवरचं साधं चित्र केव्हाही चांगलं. दुसरं, फोटो रॉ, म्हणजे सेन्सरनं टिपलेल्या कच्च्या, स्वरूपात साठवता आले पाहिजेत, कारण पांढरं छप्पर आणि काळी सावली एकाच चौकटीत आली की साध्या जेपेगमध्ये एक तरी हातचं जातं.

मोठ्या ड्रोनचा मोह मला झालाच नाही असं नाही. डीजेआयच्या एअर ३ वर दोन कॅमेरे आहेत, एक रुंद दृश्याचा आणि एक ७० मिलिमीटरचा, दूरचं जवळ आणणारा. छपराच्या पाहणीला हा दुसरा कॅमेरा म्हणजे चैन नव्हे. भिंतीपासून लांब राहून फुटलेलं कौल, सुटलेला पत्रा, तुंबलेली पन्हळ बघता येते. जवळ जाऊन धडकण्याची भीती नाही, आणि फोटोत इमारतीच्या उभ्या रेषाही कमी तिरक्या येतात. पण तो ७२० ग्रॅमचा आहे. तेवढं वजन डोक्यावर फिरवायची माझी अजून तयारी नाही. उद्या मोठा घ्यायचा झालाच तर सेन्सरसाठी न घेता या लेन्ससाठी घेईन, आणि हात बसल्यावरच घेईन.

बाबा, ड्रोननं जमीनमोजणीही करता येईल हे तुम्ही म्हणालात, ते मी टाळलेलं नाही. ड्रोननं नकाशे होतात, जागेचे फोटो सत्तर-ऐंशी टक्के एकमेकांवर येतील असे काढतात आणि सॉफ्टवेअर त्यातून नकाशा व उंची काढतं. पण साध्या ड्रोनचं जीपीएस मीटर-दीड मीटर सहज चुकतं. अहवालात ‘साधारण इतकं क्षेत्र’ लिहायला ते पुरे, हद्द ठरवायला नाही. सेंटिमीटरची अचूकता हवी तर आरटीके (जमिनीवरच्या स्थानकाच्या मदतीनं जीपीएसची चूक सुधारणारी सोय) असलेला ड्रोन लागतो, नाहीतर जमिनीवर नेमके मोजलेले खुणेचे बिंदू ठेवावे लागतात. म्हणजे फिरून तुमच्याच विद्येकडे यावं लागतं. असं काम आलं तर मोजणीचा ड्रोन चालकासकट भाड्यानं आणू. वर्षातून क्वचित लागणाऱ्या कामासाठी कायमचा तसा ड्रोन बाळगणं हा शुद्ध तोटा.

बॅटरीचं सांगते, कारण जाहिरातीत सगळ्यांत जास्त फुगवतात ती हीच गोष्ट. मिनी ४ प्रोला कंपनी ३४ मिनिटं देते. ती मिनिटं वारा नसताना, एका ठराविक वेगानं, बॅटरी पार संपेपर्यंत मोजलेली असतात. प्रत्यक्षात थोडा वारा, चढ-उतार, आणि पंचवीस टक्के उरल्यावर उतरायचं म्हटलं की वीस-पंचवीस मिनिटं हाती लागतात. त्यातच वाऱ्याचा खेळ. जाताना वारा पाठीमागून असला की ड्रोन मजेत लांब जातो आणि येताना तोच वारा छातीवर घेऊन परततो, तेव्हा बॅटरी बघता बघता उतरते. हलक्या ड्रोनला हे जास्त जाणवतं. या मिनीची वाऱ्याची मर्यादा सेकंदाला १०.७ मीटर, म्हणजे ताशी साधारण ३८ किलोमीटर, आणि वर जावं तसा वारा वाढतो. म्हणून आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि परत येताना त्याची मदत घ्यायची. बॅटऱ्या घरी पूर्ण भरून ठेवायच्या नाहीत, निम्म्याच्या आसपास ठेवायच्या. फुगलेली दिसली की तिला पुन्हा हात लावायचा नाही. आणि विमानप्रवासात त्या सामानाच्या पेटीत न टाकता हातातल्या पिशवीत न्यायच्या.

आई, आता तुझ्यासाठी. तू विचारलंस, कुणाच्या डोक्यावर पडला तर? पडू शकतो. माझा छोट्या ड्रोनचा हट्ट निम्मा त्याचसाठी आहे. चौपट वजनाचा ड्रोन तेवढ्याच उंचीवरून पडला तर आदळण्याचा दणकाही निदान चौपट. हलक्यानंही इजा होतेच, पाती बोट कापू शकतात, म्हणून माणसांच्या डोक्यावरून उडवायचा नाही, हा माझा नियम. बांधकामावर फोटो काढायचे ते मजूर कामावर यायच्या आधी. आणि तिसऱ्या पक्षाचा विमा, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा, तो ड्रोनबरोबरच काढणार.

अडथळे ओळखणारे कॅमेरे आहेत म्हणून तू निर्धास्त होऊ नकोस, मीही होणार नाही. त्यांना भिंत दिसते, झाडाचा घेर दिसतो. विजेची तार, पानं गळालेली बारीक फांदी, काच, हे त्यांच्या नजरेतून सुटतं. अंधार पडला की तेही चाचपडतात. वेगाचा स्पोर्ट मोड लावला की ही सोय बंदच होते. ड्रोन पडतात ते मुख्यतः तारांमुळे आणि घाईमुळे. संपर्क तुटला तर ड्रोन आपणहून उडालेल्या जागी परत येतो हे खरं, पण येताना आपण आधी ठरवून दिलेल्या उंचीवर चढून येतो. ती उंची आजूबाजूच्या सर्वांत उंच इमारतीपेक्षा जास्त ठेवली नसेल तर तो निष्ठेनं सरळ भिंतीवर जाऊन आदळू शकतो. उडवण्याआधी हा आकडा बघायचा, आणि परतीची जागा नोंदली गेली की नाही तेही.

शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गच्चीत डोकावण्याबद्दल तू जे बोललीस ते अगदी योग्य. कायदा काय म्हणतो ते एक, पण डोक्यावर घोंघावणारा कॅमेरा कुणालाच आवडत नाही. जिथे उडवायचा तिथल्या लोकांना आधी सांगायचं, कॅमेऱ्याचं तोंड आपल्या कामाच्या दिशेला ठेवायचं, आणि कुणी नको म्हटलं तर वाद न घालता उतरवायचा. पाखरांच्या विणीच्या दिवसांत घरट्यांजवळ तर नाहीच. घारी तशाही ड्रोनवर झेपावतात.

शिकायचं कसं, तर आधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर आणि मग रिकाम्या मैदानात, कॅमेरा न वापरता. ड्रोनचं तोंड आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटतं, आणि नवखा माणूस नेमका तिथे गांगरतो. बोटांना ते वळण लागेपर्यंत फोटो नाहीत, ऑफिसचं काम तर नाहीच.

रिमोट मी स्वतःचा पडदा असलेला घेणार आहे. फोन अडकवायचा रिमोट स्वस्त पडतो, पण उन्हात फोनचा पडदा दिसत नाही, तो तापतो, आणि नेमक्या वेळी कुणाचा तरी फोन येतो. (तुमचाच, बहुतेक.) जास्तीची पातीही घ्यायची, कारण आधी तीच तुटतात आणि कडेला जराशी चीर गेली तरी बदलावी लागतात. वापरलेला ड्रोन स्वस्तात मिळतोय असं बाबांच्या मित्रांनी सांगितलं, पण नको. त्याच्या बॅटऱ्या किती झिजल्या ते बाहेरून कळत नाही, आणि आधीच्या मालकानं आपल्या खात्यातून तो सोडवला नसेल तर आपल्या नावावर चालूच होत नाही.

तर छोटा मिनी, पडद्याचा रिमोट, विमा, पाती एवढं ठरलं. बॅटऱ्या दोन घ्यायच्या की तीन, हे राहिलंय. मी तीन म्हणते, कारण एका फेरीत इमारतीच्या चारही बाजू होत नाहीत आणि बॅटरी भरायला सोय जागेवर असेलच असं नाही. बाबा, विम्याचा मसुदा वेगळा पाठवतेय. त्यातली बारीक अक्षरं तुम्ही वाचा, विशेषतः कामासाठी उडवताना झालेलं नुकसान त्यात धरलंय की फक्त हौशी वापर, ते बघा. तुमचं उत्तर आलं की मागवते.

तुमची लेक