गायतोंडे यांचं एक चित्र अजब बंगल्यात येऊ द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

२ नोव्हेंबर १९२४ रोजी चित्रकार वासुदेव गायतोंडे आमच्या नागपुरात जन्मले. आईवडील मूळचे गोव्याचे, ते स्वतः वाढले मुंबईत. त्यांच्या शताब्दीचा दिवस नेमका दिवाळीच्या पाडव्याला आला आणि शाळा बंद होती. सुट्टीनंतर परिपाठात मी त्यांचं नाव घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. मी चित्रकला शिकवतो, म्हणून हे आधी स्वतःच्या नावावर मांडतो आणि मग आपल्याकडे येतो.

मागणी छोटी आहे. पुतळा नको, चौकाला नाव नको. त्यांचं एक अस्सल चित्र तीन महिन्यांसाठी अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, आणा आणि त्याच्यासमोर एक बाक ठेवा.

पुस्तकातलं चित्र का चालत नाही, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आठ पोरांना घेऊन मुंबईला एका प्रदर्शनाला गेलो होतो. गायतोंड्यांच्या एका कॅनव्हाससमोर सातवीतली एक मुलगी थांबली. बाकीचे पुढे गेले, ही हलेना. मग हळूच म्हणाली, "सर, हे ओलं हाय का अजून?"

इतकं नेमकं समीक्षण मी फार वाचलेलं नाही. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने (रंगाच्या सुरीने) पातळ रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे. वर्तमानपत्राचे, मासिकांचे कापलेले तुकडे रंगावर दाबून उचलायचे, त्यांचा ठसा मागे राहायचा. वर्षाकाठी चित्रं होत ती पाच-सहा. बाकीचा वेळ विचारात जाई, आणि तेही कामच. छापील पानावर हे सगळं एक पिवळा किंवा करडा चौकोन होऊन जातं. पोरं मग विचारतात, "यात काय आहे?" आणि मला उत्तर देता येत नाही.

१९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून पदविका, पुढे मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह गटाशी संबंध, १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्क, १९७१ मध्ये पद्मश्री. पुढे दिल्लीत निजामुद्दीनच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, जवळपास एकांतात काम. २००१ मध्ये गेले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्याआधीच्या वर्षी मुंबईतल्या लिलावात एका चित्राला २३ कोटी ७० लाख मिळाले होते, आणि आकडा नंतर वाढतच गेला. त्यामुळे विकत घ्या असं मी म्हणणार नाही, अर्थखातं मला हाकलून देईल.

उसनं मागा. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहात त्यांची चित्रं आहेत. आपलं पत्र गेलं तर निदान बोलणं तरी सुरू होईल. विमा, पहारा, दालनातली आर्द्रता, उजेड, हे सगळं लागेल. नागपूरचा मे महिना अशा चित्राला मानवणार नाही, म्हणून हिवाळाच बरा. संग्रहालय १८६३ पासूनचं आहे आणि राज्य शासनाच्याच ताब्यात आहे, तेव्हा एक खोली नीट करून घेणं आपल्याच हातात आहे.

एक विनंती पाटीबद्दल. तिच्यावर 'अमूर्त चित्र' लिहू नका. गायतोंड्यांना तो शब्द पटत नसे, ते आपल्या कामाला वस्तुनिरपेक्ष (नॉन-ऑब्जेक्टिव्ह) म्हणत. अर्थ सांगणारा परिच्छेद तर नकोच. नाव, वर्ष, माध्यम, बस्स. उद्घाटनाची समई लावायचीच तर बाहेरच्या व्हरांड्यात लावा.

पहिल्या शनिवारी माझा वर्ग घेऊन येतो. पोरं बाकावर दाटीवाटीने बसतील, तेव्हा बाक जरा लांब करून घ्या. ती मुलगी आता बारावीला आहे, तिलाही बोलावणार आहे.

आपला,
एक चित्रकला शिक्षक, नागपूर