दारू प्यायली तरी गोळी चुकवू नका

महोदय,

एचआयव्हीवरील औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रांत दारू सोडण्याचा सल्ला देतात, तो योग्यच आहे. पण 'दारूवर गोळी घेतली तर विष होते' या समजापोटी काही एचआयव्हीबाधित पिण्याच्या दिवशी औषधच टाळतात, हे फार घातक आहे. अमेरिकेत अटलांटा येथे सेथ कॅलिचमन व सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दारू पिताना असे मुद्दाम डोस चुकवणाऱ्यांचा विषाणू नियंत्रणात राहण्याचे प्रमाण कमी आढळले.

आपल्याकडे २००४ पासून हे औषध सरकारी केंद्रांत मोफत मिळते. आता बहुतेकांना दिवसाला एकच टीएलडी (तीन औषधे एकत्र असलेली) गोळी असते. दारूशी मिसळून तिचे विष होत नाही. यकृत बिघडते ते दारूने. आणि क्षयरोग टाळण्यासाठी आयसोनियाझिड चालू असेल तर तो धोका खरोखरच वाढतो. म्हणून पिण्याविषयी डॉक्टरांना सांगायलाच हवे. पण रागावून विचारले तर खरे कोण सांगेल? समुपदेशकांनी 'प्यायलात त्या दिवशी गोळी घेतली का?' एवढेच शांतपणे विचारावे. व्यसनमुक्तीचे उपचारही त्याच केंद्रात, त्याच दिवशी मिळावेत. रोजंदारीवरच्या माणसाला मजुरी बुडवून दोन ठिकाणी खेटे घालणे परवडत नाही.

– एक वाचक, सांगली