पावसाळ्याआधी गाडी बदल

सोन्या,

फोनवर बोलायला गेलं की आपल्या दोघांचाही आवाज चढतो म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे, रेंज मिळेल तेव्हा सावकाश वाच. आणि आधीच सांगून ठेवते, जव्हारच्या कामावरून तू रात्री घाटात गाडी चालवतोस तो विषय मी काढणार नाहीये, तो परवा काढून झालाय.

तू खोपटला एसटी धरायला गेलास ना, त्यानंतर मी रिक्षा करून वागळे इस्टेटला मिस्त्रींकडे आपली जिप्सी बघून आले. बाबांना तेव्हा बोलले नव्हते, आता बोललेय. तू म्हणालास थोडा गंज आहे, पॅच मारला की झालं, शनिवारी गाडी घेऊन जातो. मी मिस्त्रींना म्हटलं मला दाखवा तो थोडा गंज. गाडी खड्ड्यावरच उभी होती, ओढणी खोचून उतरले खाली. मागच्या उजव्या चाकाच्या पाठीमागे, स्प्रिंगच्या पाट्यांना चेसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, धरणारी कडी, तो शॅकल जिथे बसतो तिथे त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, ठोकला नाही हं, नुसता हाताने दाबला, आणि तो अर्ध्यापर्यंत आत गेला. बाहेर काढल्यावर तपकिरी पापुद्रे गळायला लागले, मी हातात घेऊन बघितले, वरून काळा रंग शाबूत आणि आतून पापडासारखा चुरा. डावीकडे अजून लोखंड लागतं हाताला पण ठोकलं की तिथलाही आवाज बद्द येतो. मागचा भार त्या जागेवर येतो ना रे? तू मागे पाइपांची बंडलं टाकतोस, सिमेंटच्या गोण्या टाकतोस, वर माणसं बसवतोस, आणि तोरंगणच्या वळणावर तो शॅकल चेसीतून उपटून आला तर मागचा ॲक्सल तिरका होणार, तू स्टिअरिंग कितीही वळवलंस तरी गाडी कुठे जाईल सांगता येत नाही. बघ, काढणार नव्हते तरी निघालाच विषय.

मिस्त्री पॅच मारून द्यायला तयार आहेत. मी विचारलं गॅरंटी देता का, तर म्हणाले वहिनी, पॅचची देतो, बाजूच्या पत्र्याची कशी देऊ. वेल्डिंगला धरायला शेजारी चांगलं लोखंड लागतं, ते तिथे उरलेलं नाही. आणि तुझी ती दुसरी आयडिया, मिलिट्रीच्या लिलावातली जिप्सी उचलायची आणि तिची चेसी आपल्या बॉडीखाली घालायची, ती तर डोक्यातून काढच. चेसीवर नंबर ठोकलेला असतो आणि आरसीवर तोच असतो. आरटीओच्या परवानगीशिवाय असा बदल चालत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तर कंपनीने दिलेल्या गाडीत मोठा फेरफार करायला फारसा वाव राहिलेला नाही. मी बँकेत वाहन कर्जाच्या टेबलावर बसून असल्या फाइली पाहिल्यात रे. अपघात होतो, सर्व्हेअर येतो, नंबर जुळत नाही, क्लेम अडकतो, घरचा माणूस हॉस्पिटलात आणि त्याची बायको आमच्या काउंटरला उभी की आता हप्त्याचं काय करू. त्या बायकांचे चेहरे मला अजून आठवतात. असो.

तू म्हणालास तुला गाडीतलं काय कळतं. लागलं मला ते. २००४ ला गाडी घेतली तेव्हा आधी मी शिकले तिच्यावर, उपवनच्या रस्त्याला, पहाटे, पॉवर स्टिअरिंग नाही, दंड भरून यायचे, येऊरच्या चढाला हाफ क्लचवर धरून ठेवायला बाबांनी मला रडवलंय अक्षरशः. तू आणि ताई मागे त्या आडव्या बाकड्यांवर समोरासमोर, ब्रेक मारला की दोघं घसरत पुढच्या सीटला येऊन टेकायचात आणि हसायचात. बेल्ट नाहीत, काही नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटायचं नाही, सगळ्यांच्याच गाड्या तशा होत्या.

आणि २६ जुलै. तू बालवाडीत होतास, तुला जेवढं आठवतं ते सगळं ऐकून ऐकून आठवतं, मी खरं सांगते. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, इकडेही धुवांधार, ताई कळव्याला आत्याकडे अडकलेली आणि आत्याचं घर तळमजल्याला. बाबांनी पाण्यात शिरायच्या आधी बॉनेट उघडलं, फॅन बेल्ट काढून माझ्या हातात दिला, पंख्याने पाणी उडून इंजिनच्या वायरींवर जायला नको म्हणून. मग फोर लो, म्हणजे चारही चाकांना जोर आणि वेग एकदम कमी, पहिला गियर, ॲक्सिलरेटरवरचा पाय एकसारखा, जरासुद्धा सोडायचा नाही, सोडला तर सायलेन्सरमधून पाणी वर घेते. मी तो बेल्ट मांडीवर धरून बसलेले, तेलकट काळा पट्टा, माझा पिवळा ड्रेस त्याने कायमचा गेला. रस्त्यात मोठ्या मोठ्या गाड्या बंद पडून तरंगत होत्या आणि आपली ही एवढीशी तेराशे सीसीची गाडी चाललेली. ताईला, आत्याला आणि शेजारच्या आजींना घेऊन आलो. म्हणजे मला तिची किंमत कळत नाही असं तू समजू नकोस. पण तेव्हा ती एक वर्षाची होती रे, चेसी नवीकोरी होती. आता तिने वीसेक कोकणचे आणि जव्हारचे पावसाळे, केळशीची पुळण, खारं पाणी असं सगळं खाल्लंय असं म्हटलं तरी चालेल, आणि लोखंड ते लोखंड.

बाबांचं म्हणणं पासिंग २०२९ पर्यंत आहे ना, मग घाई काय. खरंय, २०१९ ला पंधरा वर्षं झाली तेव्हा झालं, २०२४ ला परत झालं, पर्यावरण कर भरला, सगळं रीतसर आहे. आपल्याकडे दिल्लीसारखं पेट्रोलला पंधरा वर्षांनी बंद असं नाही. पण कागदावर गाडी चालते म्हणून घाटात चालेल असं थोडंच आहे. शिवाय आता पंपावर सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ते पाणी ओढून घेतं, जुने रबरी पाइप त्याने खराब होतात. मागच्या महिन्यात तुला मोखाड्याजवळ पेट्रोलचा वास येत होता म्हणालास ते मी विसरले नाहीये. रात्री नऊला. एकटा. बरं.

मी लेक्चर द्यायला लागले, कळतंय मला, सॉरी. तुला वाटत असेल आईला माझं काम नको आहे. तसं अजिबात नाही सोन्या. जव्हार आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं २०१४ पर्यंत, मी इतकी वर्षं ठाण्यात राहिले पण एप्रिल-मे मध्ये तिथे बायका पाण्यासाठी किती उतरतात ते मी तू तिकडे गेल्यावर पाहिलं. अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात हंडे. तू मला तो झरा दाखवलास ना, कातळाच्या खालच्या थरातून पाणी येतं आणि वरच्या मऊ थरात पावसाचं मुरतं म्हणून चर वर खणायचे, झऱ्यापाशी खणून उपयोग नाही, हे तू त्या म्हाताऱ्या काकांशी बोलत होतास त्यांच्या भाषेत, आणि ते मान हलवत होते. मी पाठीमागे उभी होते. त्या दिवशी मला काय वाटलं ते मी अजून तुला सांगितलेलं नाही आणि लिहिता पण येणार नाही. आणि ती गरोदर पोरगी, जिला तू पाड्यावरून जव्हारच्या कुटीर रुग्णालयात नेलंस भर पावसात, त्या आडव्या बाकड्यावर तिची सासू तिला धरून बसलेली. मुलगा झाला म्हणालास. मी सोसायटीत सगळ्यांना सांगितलं. म्हणून तर म्हणते, त्या बाईला नीट पुढे तोंड करून बसता यायला हवं, बेल्ट हवा. हे फक्त तुझ्यासाठी नाहीये.

आता गाडीचं. मी बाबांबरोबर बसून सगळं बघितलंय, व्हिडिओ पण.

थार तुझ्या डोक्यात आहे, मला माहितीये. २०२० ची तीन दरवाज्यांची, ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत चार स्टार, डिझेलला दम आहे, साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून जाते सांगतात. नाशिकला बनते म्हणून बाबांना अभिमान. पण मागे बसायला पुढची सीट पाडून चढायचं, ती पोरगी चढली असती का अशी? आणि मागची सीट उभी असेल तर सामानाला जागाच नाही. मग थारचीच मोठी बहीण, रॉक्स. खरं सांगू का, माझं मन रॉक्सकडेच होतं. पाच दरवाजे, भारत एनकॅपचे पाच स्टार, मी तर तिथेच थांबले होते, म्हटलं हीच घ्या. फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये मिळते, ते ठीक, तुझं रनिंग लांबचं आहे. पण रुंदी बघितलीस? १८७० मिलिमीटर. आपली जिप्सी १५४० आहे आणि त्या वरच्या पाड्याच्या वाटेला तिच्या दोन्ही बाजूंनी करवंदाच्या जाळ्या घासतात, मी स्वतः आरसे आत घेतलेत तिथे. तीनशेतीस मिलिमीटर म्हणजे फूटभर जास्त रुंद गाडी तिथे जाणार कुठून? तू ती खाली ठेवून चालत जाशील, अंधारात. फोर्सच्या गुरखाचं पण तेच, पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक, म्हणजे एक चाक रुतलं तरी दुसरं ओढतं, चिखलात तिला तोड नाही म्हणतात, पण रुंद तेवढीच. मिस्त्री मात्र गुरखाच्या बाजूने आहेत हं, ते म्हणाले तुम्हाला सांगून ठेवतो.

राहिली मारुतीची जिमनी. १६४५ रुंद. पुढे-मागे सबंध ॲक्सल आपल्यासारखाच, लो रेशोचा दांडा आपल्यासारखाच, फक्त पाट्यांच्या जागी स्प्रिंगा, म्हणजे तुझ्या मणक्यांना आराम. सहा एअरबॅग आणि ईएसपी सगळ्या मॉडेलला. ईएसपी म्हणजे ओल्या वळणावर मागची चाकं सरकायला लागली की गाडी आपोआप एकेका चाकाला ब्रेक लावून सरळ करते, ह्याच्यासाठी मी देवाला नारळ फोडीन. तिचंही सगळं गोड नाही. युरोपात २०१८ ला तीन दरवाज्यांवाल्या जिमनीला तीनच स्टार मिळाले होते, ते मी लपवत नाही. डिकी २०८ लिटर, तुझे पाइप कॅरियरवर जातील. फक्त पेट्रोल, आणि भरलेल्या गाडीला चढावर जोर कमी वाटेल तुला. पण तिथल्या वाटांना तीच जाईल, आणि जिथे गाडी जाते तिथे तू रात्री पायी जाणार नाहीस. माझा कौल जिमनीला. पाच स्टार सोडून देताना मला काय झालं ते माझं मला माहीत.

तू रॉक्स घेतलीस तरी मी तोंड उघडणार नाही. सेकंडहँड जुनी थार मात्र नको, तुझ्या मित्राने दाखवलेली ती २०१३ ची, तिला पण एअरबॅग नाहीत. स्वस्त आहे म्हणून परत तेच कशाला?

पैशांचं असं आहे की डाऊन पेमेंट मी भरते, माझ्या एफडीची मुदत ऑगस्टमध्ये संपतेय, मी आत्ताच मोडते, व्याजाचा फरक फार नाही, काढून बघितलाय. लोन तुझ्या नावावर, हप्ता तुझा. नाही म्हणू नकोस. ताईच्या वेळी पण दिलेच होते ना.

आणि जिप्सी विकायची नाही, भंगारात तर नाहीच, ते बाबांनी आधीच सांगितलंय आणि मला मान्य आहे. मुरबाडच्या शेडमध्ये राहू दे. शेतातल्या शेतात फिरवा दोघं काय फिरवायची ती, टोकावड्याच्या पुढे न्यायची नाही एवढंच. बाबा कालपासून जरा गप्प आहेत. तू त्यांना फोन कर, गाडीचं काही बोलू नकोस, नुसतं झऱ्याचं विचारतात ते सांग, किती लिटर येतंय मिनिटाला वगैरे, वहीत लिहून ठेवतात ते.

शनिवारी ये पण एसटीनेच ये. मी टेस्ट ड्राइव्ह सांगून ठेवलीय घोडबंदर रोडच्या शोरूमला, अकराची. त्यांना म्हटलं सर्व्हिस रोडला फिरवून आणू नका, गायमुखच्या चढाला नेऊ द्या आणि चारही सीटवर माणसं बसवून नेऊ द्या. ते हो म्हणालेत. तुझ्या शेजारी बाबा, मागे मी आणि मिस्त्री. येताना लायसन्स आण, पॅन, आधार, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट.

आई

ता. क. मिस्त्रींकडे परस्पर जाऊन गाडी सोडवू नकोस, मी त्यांना सांगितलंय की चावी माझ्याकडेच द्या. आणि गेलासच तरी मागून जॅक लावून खाली शिरू नकोस, जॅक जिथे टेकतो तिथलीच चेसी गेलीय.