दुसऱ्या पानाबद्दल आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहिलेलं तुम्हांला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. पण हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहिते आहे. तुम्ही केलंत ते माझ्यापुरतं ठेवणं मला जमणार नाही.

आत्या गेल्यावर तिचा जुना संगणक माझ्याकडे आला. त्यात तिने वीस वर्षं खपून केलेली आमच्या घराण्याची वंशावळ होती आणि 412 फोटो. मूळ फोटो आता कुठेच नाहीत. काही वाटले गेले, काही ओल येऊन गेले. जे उरलं ते तिने स्कॅन केलेलं, तेवढंच. मी वंशावळ नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणली. माणसं आली, तारखा आल्या, कोण कुणाचं तेही बिनचूक आलं. फोटोंच्या जागी मात्र करड्या चौकटी.

त्या चौकटी बघताना काय वाटतं हे ज्यांना मी सांगायला गेले, त्यांना ते ऐकायचंच नव्हतं. सॉफ्टवेअरच्या मदत विभागाला मी तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: हा फॉरमॅट चालत नाही, फोटो पुन्हा स्कॅन करा. मूळ फोटो उरलेले नाहीत हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. आत्याचे स्कॅन 'टिफ' नावाच्या फॉरमॅटमध्ये होते. ओळखीतल्या एकाने फाइलच्या नावातलं शेवटचं 'टिफ' खोडून 'जेपीजी' लिहून दिलं आणि झालं म्हणाला. अर्थातच काही झालं नव्हतं. दुसऱ्या एकाने सगळ्या फाइल एका झटक्यात खरोखरच जेपीईजी (म्हणजे तेच 'जेपीजी') करून दिल्या आणि वर सल्ला दिला: जुन्या पुसून टाक, उगाच जागा अडवतात. फोटो दिसायला लागले होते. मी त्याचे आभारसुद्धा मानले. चेहरे बघून, अंदाजाने, एकेक फोटो एकेका नावापुढे लावत बसले. पुसायचंही ठरवलं होतं.

तरी तीन फाइल अडल्या होत्या, म्हणून तुमच्यापर्यंत आले. तेवढ्या तीन फाइल अडल्या नसत्या तर काय झालं असतं, हा विचार अजून रात्री मला जागं करतो.

तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, 'मूळ फाइल आहेत ना? काहीही पुसू नका.' मग मला शांतपणे समजावलंत. फाइलच्या नावाची शेपटी ही फक्त पाटी असते, आत काय आहे ते फाइलच्या सुरुवातीच्या काही बाइट्सवरून कळतं. टिफची फाइल 'आयआय' किंवा 'एमएम' या अक्षरांनी सुरू होते, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. टिफ हा फॉरमॅट 1986 मध्ये आला, स्कॅनर बनवणाऱ्या सगळ्यांनी एकच फॉरमॅट वापरावा म्हणून. पण त्याच्या पोटात इतके प्रकार मावतात की एका प्रोग्रामला उघडणारी टिफ दुसऱ्याला उघडेलच असं नाही. फाइल लहान व्हावी म्हणून कुणी चित्र एलझेडडब्ल्यू नावाच्या पद्धतीने दाबून ठेवतं, कुणी फॅक्सच्या पद्धतीने, कुणी न दाबताच.

आणि ज्या जेडकॉम फाइलमधून वंशावळ इकडून तिकडे जाते, तिच्यात सहसा फोटो नसतात, फोटोचा फक्त पत्ता असतो. आत्याच्या संगणकावरचा पत्ता माझ्या संगणकावर कुठून सापडणार? वाईट याचं वाटलं, की जेडकॉमच्या 1999 च्या 5.5.1 आवृत्तीत चित्रांचे जे प्रकार नावानिशी दिले आहेत त्यांत टिफ आहे. आत्याने चुकीचं काही केलं नव्हतं. तिने त्या वेळच्या रीतीनेच ठेवलं होतं. हे तुम्ही आवर्जून सांगितलंत. कारण तोवर सगळे माझ्याशी असं बोलत होते, जणू तिनेच काहीतरी घोळ घालून ठेवलाय.

पण हे पत्र या माहितीसाठी नाही.

दुसऱ्या दिवशी तुमचा निरोप आला. तो मला पाठ आहे. 'या फाइलींना दोन-दोन पानं आहेत. पहिल्यावर फोटो आहे, दुसऱ्यावर फोटोची मागची बाजू. त्यावर कुणाचं तरी हस्ताक्षर आहे. घरातलं असेल म्हणून मी वाचलं नाही. आधी तुम्ही वाचा.'

ताई, टिफमध्ये एकापेक्षा जास्त पानं राहू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. जेपीईजीत एकच चित्र मावतं, म्हणून त्या झटपट बदलण्यात प्रत्येक फाइलचं दुसरं पान मुकाट्याने गळून गेलं होतं. ना चूक दाखवली गेली, ना सूचना आली. आत्याने प्रत्येक फोटो उलटा करून पुन्हा स्कॅनरवर ठेवला होता. आजोबांनी पेन्सिलीने लिहिलेलं जाऊ नये म्हणून. आणि ते मी पुसायला निघाले होते.

तुम्हांला ते सहज वाचता आलं असतं. फाइल उघडली की अक्षर समोरच होतं. तरी तुम्ही नजर बाजूला केलीत. गेले आठ महिने मी ज्यांच्या ज्यांच्याकडे गेले त्यांच्यासाठी या 412 फाइल होत्या. तुमच्यासाठी ती कुणाच्या तरी घरातली पत्रं होती. हे कुणी शिकवत नाही. शिकवता येत असेल तर ज्यांना दिवसभर लोकांच्या आठवणी हाताळायच्या असतात, त्यांना सगळ्यात आधी शिकवायला हवं.

मी रात्रभर वाचत होते. आजीच्या मांडीवर बाळ असलेला एक फोटो आहे. ते बाळ म्हणजे आमचे बाबा, असं घरात सगळे धरून चालले होते. मीही तो बाबांच्या नावापुढे लावला होता. मागे आजोबांनी लिहिलंय, 'हिचा चौथा महिना. फोटोवाल्याकडे टक लावून बघत होती, रडली नाही.' हिचा. होती. रडली. आजोबांना मुलगी एकच, आत्या. अख्ख्या घराण्याचे फोटो जिने जपले, तिच्या नावापुढे माझ्याकडे लहानपणचा एकही फोटो नव्हता, कारण तो मी दुसऱ्याला देऊन टाकला होता.

आता तो जागच्या जागी आहे. तुम्ही सांगितलंत तसं केलंय. मूळ टिफ दोन ठिकाणी जशाच्या तशा ठेवल्या आहेत. दाखवण्यासाठी चेहऱ्यांची पानं जेपीईजीत. अक्षरांची पानं पीएनजीत, कारण जेपीईजीत फार दाबलं की पेन्सिलीची रेघ फुटते. प्रत्येक जोडीला एकच क्रमांक. 240 पानं वाचून झाली, बाकीची सावकाश वाचते आहे. एका वेळी फार वाचवत नाही.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, भेटायलाही नको म्हणालात. म्हणून एक गोष्ट विचारल्याशिवाय केली आहे. तुमचा तो चार ओळींचा निरोप साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून आत्याच्या फोटोशेजारी ठेवला आहे. साधा मजकूर कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडेल. पुढे कधी कुणी ही वंशावळ तिसरीकडे नेईल, तेव्हा दुसऱ्या पानाआधी त्यांना तो दिसेल.

तुमची,
त्या 412 फाइलवाली