आधी टेकू, मग हातोडा

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज मिळाला. तो मला आला, बाबांना आला नाही. त्यांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, तरी त्यांना कळलं. माझा फोन वाजला तेव्हा ते चष्मा पुसत होते आणि मी फोन खाली ठेवेपर्यंत पुसतच राहिले.

त्यांना फोन कर, हे सांगायला मी लिहीत नाहीये. ते तुझं तू ठरव. मला त्या रात्रीबद्दल बोलायचंय, कारण त्या रात्री मी बोलले नाही. तुम्हा दोघांच्या मध्ये बसून कपड्यांच्या घड्या घालत राहिले, भरलेल्या बॅगेतले कपडे काढून पुन्हा त्यांच्याच घड्या. 31 वर्षं वर्गात इतिहास शिकवला, आणि घरात वेळ आली तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. नंदूकाकांच्या वेळीही माझं असंच झालं होतं.

तू त्यांना प्रतिगामी म्हणालीस. ते म्हणाले, तुम्हा पुरोगाम्यांना मोडता येतं, बांधता येत नाही. दोन्ही वाक्यं डोक्यातून जात नाहीत. तुझ्यातली चूक आधी सांगते, कारण तू लहान आहेस आणि ऐकून घेशील.

प्रतिगामी म्हणजे ज्याला मागे जायचंय तो. बाबांना मागे जायचं नाही. आजीला सही शिकायला कोणाकोणाची परवानगी लागली होती हे त्यांनीच तुला सांगितलंय, आणि सांगताना दर वेळी त्यांचा आवाज कसा होतो ते तू ऐकलंयस. ते परंपरावादी आहेत. चालत आलेली गोष्ट बदलायची असेल तर का बदलायची, हे बदलणाऱ्याने पटवून द्यावं, असं मानणारे. उदारमतवादी माणूस उलट विचारतो. कोणाच्या वाटेत आडकाठी घालायची असेल तर ती का, हे आडकाठी घालणाऱ्याने पटवून द्यावं. पटवून देण्याचा भार कोणावर, इथेच दोघांच्या वाटा फुटतात. कर, शाळा, लग्न, धर्म, कशावरूनही वाद सुरू होऊ दे, थोडं उकरलं की तळाशी हाच प्रश्न निघतो.

आणि दोघांची भीती वेगळी असते. तुला भीती वाटते की कोणीतरी आज सोसतंय आणि आपण नुसते बघत बसलोय. त्यांना वाटते की जे एका दिवसात पाडलं ते पुन्हा उभारायला शंभर वर्षं लागतील. मला दोन्ही भीती खऱ्या वाटतात. म्हणूनच कदाचित त्या रात्री मी घड्या घालत बसले.

एडमंड बर्कला, त्या ब्रिटिश खासदाराला, तू नावाने ओळखतेस. 1790 साली त्याने फ्रेंच क्रांतीविरुद्ध लिहिलं, तेव्हा तो काही राजेरजवाड्यांचा भाट नव्हता. अमेरिकेतल्या वसाहतींची बाजू त्याने घेतली होती, आणि हिंदुस्थानातल्या कारभाराबद्दल वॉरन हेस्टिंग्जला त्यानेच संसदेपुढे खेचलं होतं. त्याचं म्हणणं होतं की समाज म्हणजे जिवंत माणसं, मेलेली माणसं आणि अजून जन्माला यायची माणसं यांची भागीदारी; त्यातल्या एका पिढीने येऊन सगळा पाया उखडू नये. हे असंच चाललं तर शेवटी कोणीतरी सेनापती सगळ्यांचा मालक होऊन बसेल, असंही त्याने तेव्हाच लिहून ठेवलं. 1799 च्या नोव्हेंबरमध्ये नेपोलियनने सत्ता घेतली. बर्क तोवर जाऊन दोन वर्षं झाली होती.

त्याला उत्तर दिलं टॉमस पेनने, 1791 मध्ये. मेलेल्यांनी जिवंतांवर राज्य करायचं कारण काय, असं त्याने थेट विचारलं. तुला हे वाक्य आवडेल, मलाही आवडतं. पुढे तो फ्रान्सच्या विधिमंडळात निवडून आला, तिथे गेला, आणि राजाला ठार करू नका म्हणून उभा राहिला. 1793 च्या अखेरीस त्याच क्रांतीने त्याला तुरुंगात टाकलं. पण तुरुंगातून सुटल्यावरही माणसाच्या हक्कांवरचा त्याचा विश्वास उडाला नाही.

शिकवायला लागले बघ. माफ कर. पण एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. टिळक-आगरकर तुला शाळेपासून पाठ आहेत, ते सांगत नाही.

6 मे 1791. लंडनची संसद. बर्क 62 वर्षांचा, चार्ल्स फॉक्स 42 चा. वर्षानुवर्षांची दोस्ती, एकाच पक्षात, एकाच बाकावर. फॉक्सला क्रांतीचं कौतुक, बर्कला तिची धास्ती. बोलता बोलता बर्क सगळ्यांदेखत म्हणाला की आपली मैत्री संपली. फॉक्स हळूच म्हणाला, मैत्री कशाला संपेल? बर्क म्हणाला, संपली. फॉक्स उत्तर द्यायला उठला आणि त्याला रडू आवरेना. सगळं सभागृह त्याच्याकडे बघत होतं आणि तो बोलू शकत नव्हता. सहा वर्षांनी बर्क अंथरुणाला खिळला तेव्हा फॉक्सने भेटायला येऊ का म्हणून विचारलं. बर्कने बायकोकरवी कळवलं, नको.

वर्गात हे सांगताना मी कधी अडखळले नाही. परवा मनातल्या मनात आठवलं आणि त्या 'नको'पाशी अडकले. मंजूच्या लग्नातले ते दोन फोटो तुला माहीत आहेत. एकात बाबा, एकात नंदूकाका. फोटोग्राफरने विचारलंसुद्धा, एकत्र घ्यायचा का? मी म्हटलं, असू दे. त्या 'असू दे'चं ओझं मी अजून वागवतेय. म्हणून सांगते, त्यांना फोन कर. हवामानावर बोल, पण बोल.

बघ, सांगणार नव्हते.

तू नऊ वर्षांची असताना तुझ्या आणि दादाच्या खोलीमधली भिंत पाडा म्हणून जिन्यात जाऊन बसली होतीस, आठवतं? चार दिवस, शाळेतून आलीस की दप्तरासकट जिन्यात. पुठ्ठ्यावर खडूने लिहिलं होतंस, 'भींत नको'. वेलांटी चुकली होती, ती मी मुद्दाम दुरुस्त केली नाही. मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला होता, आणि तो मी कोणाला दाखवला नाही. पाचव्या दिवशी बाबा भिंतीपाशी गेले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांनी ठकठक वाजवत, कान लावून. मग पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढली आणि तुला जवळ बोलावून दाखवलं. हिच्यावर वरच्या स्लॅबचा भार आहे. आधी टेकू लावायचा, बीम टाकायचा, मग हातोडा. तू विचारलंस, कधी? ते म्हणाले, घाई नको.

भिंत पडली. धूळ सोडली तर काही झालं नाही, छताला केसाएवढा तडा गेला नाही. पण तोवर दीड वर्ष उलटलं होतं आणि दादा होस्टेलला गेला होता. त्या लांबलचक खोलीत तू एकटी. पहिल्याच रात्री उशी घेऊन माझ्याकडे येऊन झोपलीस. ते मी बाबांना आजवर सांगितलेलं नाही.

खरं म्हणजे ही गोष्ट मी त्यांची बाजू सांगायला काढली होती.

बाबांचं 'थांबा' माझ्या लेखी असंच आहे. त्यात काळजी असते, हिशेब असतो, आणि थांबलेल्या माणसाचं वय वाढत असतं. 20 मे 1867 ला जॉन स्टुअर्ट मिलने ब्रिटिश संसदेत एक शब्द बदलायला सांगितला. मतदाराच्या व्याख्येत 'पुरुष' आहे तिथे 'व्यक्ती' घाला. बाजूने 73 मतं, विरोधात 196. बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळालं 1928 मध्ये. 61 वर्षं. मिल 1873 लाच गेला. 1867 साली माझ्या वयाची असलेली एकही बाई तो कागद पेटीत टाकायला उरली नसणार. आणि 1928 चा तो कायदा कोणी केला? परंपरावाद्यांच्या सरकारने. तोवर त्यांनाही ते चालत आलेल्याच वाटेवरचं पुढचं पाऊल वाटत होतं.

बाबांच्या वाक्यातली चूक इथे आहे. पुरोगाम्यांना बांधता येत नाही म्हणतात, पण गुप्त मतदान, लेखी हक्क, सरकारलाही जाब विचारणारं न्यायालय, हे सगळं कोणीतरी बांधलंच की. त्यातलं बरंचसं आज बाबाच जपायला निघतात. हे मी त्यांना परवा सांगितलं. ते 'हं' म्हणाले. त्यांचा 'हं' तुला माहीत आहे, लगेच कानाआड टाकू नकोस.

मला विचारशील तर मी तुझ्या बाजूची आहे. हे त्या रात्री मोठ्याने म्हणायला हवं होतं. बाबा 'एवढी घाई कशाला' म्हणाले तेव्हा मी तुझ्या हाताकडे बघत होते. तू बोटातली ती अंगठी फिरवत होतीस. त्यांनी बघितलं की नाही, तेव्हा मला कळलं नाही.

पण तू त्यांच्याशी तुझ्या भाषेत भांडलीस. हक्क, स्वातंत्र्य, समता. हे शब्द खरे आहेत, पण बाबांच्या मनाचं दार त्या बाजूला नाही. ब्रिटनमध्ये 2011 साली तेव्हाचा पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन आपल्या परंपरावादी पक्षाच्या अधिवेशनात म्हणाला होता की मी परंपरावादी असूनही नव्हे, तर परंपरावादी आहे म्हणूनच अशा, म्हणजे समलिंगी, लग्नांच्या बाजूने आहे. माणसं एकमेकांना बांधून घेतात, शब्द देतात, म्हातारपणी एकमेकांना सांभाळतात, त्यानेच समाज घट्ट होतो, मग त्यातून काही जणांना बाहेर का ठेवायचं, असा त्याचा मुद्दा. 2013 मध्ये मतदान झालं तेव्हा त्याच्याच पक्षात बाजूने कमी आणि विरोधात जास्त होते. इतर पक्षांच्या मतांवर ते विधेयक तरलं. म्हणजे एकाच चुलीवरचे लोक, तोच लग्नसंस्थेचा आदर, आणि निम्मे इकडे निम्मे तिकडे. बाबा त्यातल्या कुठल्या बाजूला जातील हे अजून ठरलेलं नाही, असं मला वाटतं. तू मात्र ठरवून मोकळी झालीस. हे जरा कडक लिहिलं गेलं. खोडत नाही, पण रागावू नकोस.

आणि मी तुला समजूतदारपणाचे धडे देतेय, तर हेही लिहायला हवं की सोसणारी तू आहेस. समजून घ्यायचं काम नेहमी सोसणाऱ्याकडेच का द्यायचं, असं तू विचारशील. माझ्याकडे त्याला उत्तर नाही. मला फक्त तो 'नको' आपल्या घरात यायला नको आहे. ते रात्री साडेदहापर्यंत जागे असतात.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते. जाताना तू रागाने टेबलावर टाकून गेलेला तो लेख. दुसऱ्या दिवशी तो तिथे नव्हता. मला वाटलं, रद्दीत गेला. काल बाबांच्या वहीत सापडला, नीट दुमडलेला. सगळ्या कडांना पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय, भिंतीवर खुणा करतात तसंच. सात प्रश्न आहेत. नावावरचं घर पुढे कोणाचं. वेगळं व्हायचं झालं तर नियम कोणते. मूल घेतलं तर पालक म्हणून कोणाचं नाव. पहिले तीन वाचून मला वाटलं, आले परत टेकू शोधायला. झेरॉक्स काढून सोबत पाठवते आहे, मूळ कागद होता तसा परत ठेवलाय. त्यांना यातलं काही माहीत नाही.

चौथा प्रश्न मी दोनदा वाचला आणि खुर्ची ओढून बसले. 'एकीला दवाखान्यात भरती करायची वेळ आली तर दुसरीला सही करता येईल का? आज ती कागदावर तिची कोण?'

त्या लेखात सगळी उदाहरणं पुरुषांची आहेत, सई. पुन्हा काढून बघ.

तुझी,
आई